मुकी बोली

रुवीच्या खोलीत, रात्री साडेअकराला,
विमान कंपनीचं पत्र फोनवर आलं:
पुढची सीट हवी असेल तर बोली लावा.
खाली एक पट्टी, पट्टीवर गोल ठिपका,
अंगठ्याने सरकवायचा.
पंचवीस रियालला ठिपका तांबडा, 'शक्यता कमी'.
साठला हिरवागार, 'जोरदार',
आणि माझा महिन्याचा पगार एकशे तीस.

मी हर्णैची. बोली मला कोणी शिकवायला नको.
माझी आये पुळणीवर उभी राहायची
पापलेटाकडे पाठ करून.
ज्याच्यावर जीव आहे त्याच्याकडे बघू नये, म्हणायची,
भाव आपल्याच डोळ्यांतून चढतो.
समोर कोण आहे ते बघ.
त्याच्या टोपलीत बर्फ किती उरलाय ते बघ.
दोन बोटं, मग मान, मग नुसता एक खोकला,
की सुरमईचा ढीग इकडचा तिकडे.

इथे समोर कोणीच नाही.
तोंड न उघडता लावायची बोली.
पलीकडून कोण चढवतोय,
सोहारचा ठेकेदार, की कोणाची नवी नवरी,
कळायला मार्ग नाही.
खोकला फक्त एसीचा,
तो तर ईदपासून खोकतोय.

अकरा वर्षं अबायांवर खडे चिकटवले.
गुडघा दुमडला की उघडत नाही,
उघडला की दुमडत नाही.
म्हणून म्हटलं, या शेवटच्या खेपेला
पाय लांब करून जाऊ.
अडीच तासांचा तर प्रवास.
मी अठ्ठावीस लावले.

पलीकडच्या खाटेवर नफिसा मुकादम, श्रीवर्धनची,
सुट्टीवर निघालेली, त्याच विमानाने.
चादर डोक्यावरून घेतलेली
आणि चादरीच्या आत उजेड.
मला वाटलं, लेकीशी बोलत असेल.

दुसऱ्या रात्री मी तेहतीस केले.
चादरीत पुन्हा उजेड.
तिसऱ्या रात्री छत्तीस,
मग आये आठवली,
ठिपका मागे ओढला चौतीसवर
आणि फोनकडे पाठ करून झोपले.

नकार पहाटे आला. गोड भाषेत होता.

विमानतळावर वजनकाट्याशी
खजुराचा डबा बॅगेतून काढत, परत कोंबत,
नफिसा एकदम म्हणाली,
"मी एक्केचाळीस लावलेले गो."
"तुझा तर गुडघा धड आहे."
"एकदा कोणाच्या घोरण्याविना निजून बघायचं होतं."
आमच्या दोन खाटांमध्ये
अकरा वर्षं एक हात अंतर.
मी माझा आकडा सांगितला नाही.
मग सांगितला.
ती इतकी हसली की काट्यावरचा मुलगा
वजन वाचायचं विसरला.

मागे जायला पुढूनच जावं लागतं.
पहिल्या रांगेत, खिडकीपाशी,
ती सीट रिकामी होती.
घडी घातलेलं पांघरूण, उशी, पाण्याची छोटी बाटली.
मी सारखी मान उंच करून बघत होते.
दार लागलं तरी रिकामीच.

आयेने कपाळावर हात मारून घेतला असता.
अगो, सीट काय नि बांगडा काय, दोन्ही नाशिवंत,
दार लागलं की कुजली म्हणायची.
दिवेलागणीला तिच्या टोपलीत तळाशी जे उरे
ते पडेल त्या भावात जाई,
आणि भाव पडलाच नाही तर
जाळी विणणाऱ्या म्हाताऱ्याच्या पदरात.
परत वाहून नेलेला मासा
मी कधी पाहिला नाही.
आणि ही माणसं
रिकामी गादी समुद्रावरून वाहून नेत होती,
पट्टा बांधून.

सत्तावीस ब, सत्तावीस क.
खिडकीशी कोणी आलं नाही, म्हणून मी तिकडे सरकले.
नफिसाने मधला दांडा वर केला,
ओढणीची घडी करून मांडीवर ठेवली.
"दे पाय इकडे," म्हणाली.
मग माझ्याकडे न बघता, अगदी पुळणीवरच्यासारखी,
"किती लावतेस?"

मी नुसती खोकले.